मतं विचारायचा हिवाळा

आमच्या भाईंदरला थंडी पडत नाही, तिची अफवा पडते. सकाळी जिन्यात कोणीतरी म्हणतं, "आज जरा गार आहे ना?" आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगच्या डोक्यावर कानटोप्या चढतात. पंखा मात्र चालूच असतो, कारण डास कानटोपीला घाबरत नाहीत. भाजीवाल्याच्या गाडीवर ओल्या हरभऱ्याच्या जुड्या येतात, गाजरं लाल होतात, आणि मग एखाद्या दुपारी कुठल्या तरी घरातून तीळ भाजल्याचा वास येतो. यंदा तो माझ्याच कढईतून आला. मी गॅस बारीक केला, हात पदराला पुसले आणि उगाचच जाऊन दार उघडून आले. समोरचं दार बंद होतं.

हिवाळा हा माझ्या कामाचा हंगाम. मी लोकांची मतं गोळा करण्याचं काम करते. नातेवाइकांना हे अजून नीट समजलेलं नाही. काहींना वाटतं मी निवडणुकीचं काम करते, काहींना वाटतं साबण विकते. खरं तर मी एका संशोधन संस्थेच्या सर्व्हेवर फील्ड सुपरवायझर आहे. घरोघरी जाऊन प्रश्न विचारणाऱ्या बायकांची टोळी सांभाळायची, त्यांचे रस्ते आखून द्यायचे, कोणी नियम मोडत नाही ना ते बघायचं. पावसाळ्यात हे काम होत नाही, टॅब भिजतात आणि माणसं वैतागलेली असतात. मे महिन्यात घरांना कुलपं असतात. थंडीत मात्र लोक दारं उघडी ठेवतात, उन्हाला खुर्ची टाकून बसतात आणि परक्या बाईला "या, बसा" म्हणतात. म्हणून मोठे सर्व्हे बहुतेक थंडीतच येतात.

दोन हिवाळ्यांमागे जो सर्व्हे आला होता तो पुष्कळ देशांत एकाच वेळी चालणारा होता. विषय होता, दुसऱ्या देशातून येऊन इथं राहणाऱ्या लोकांविषयी तुम्हाला काय वाटतं. तेच प्रश्न, त्याच क्रमानं, त्याच शब्दांत, सगळ्या देशांत. म्हणजे बर्फात राहणाऱ्या कोणा बाईला जे विचारायचं तेच आमच्या समुद्रकाठच्या चौक गावातल्या बाईला विचारायचं, आणि मग दोघींची उत्तरं शेजारी शेजारी मांडायची. हे ऐकायला सोपं वाटतं. पण प्रश्न इंग्रजीत जन्मलेले असतात. त्यांचं मराठी, हिंदी, गुजराती करायचं, मग ज्यानं मूळ पाहिलेलं नाही अशा दुसऱ्या माणसाकडून ते पुन्हा इंग्रजीत न्यायचं आणि दोन्ही ताडून बघायचं. शिवलेला ब्लाउज उसवून कापड पहिल्यासारखं जुळतंय का बघावं, तसा प्रकार. यात महिने जातात आणि शेवटी जे वाक्य हातात येतं त्यात कानामात्रेचाही बदल करायची आम्हाला परवानगी नसते.

नियम पुष्कळ. प्रश्न वाचायचा तो जसा आहे तसा. समोरच्यानं "म्हणजे काय?" विचारलं तर समजावायचं नाही, पुन्हा तोच प्रश्न वाचायचा आणि म्हणायचं, "तुम्हाला जे वाटतं ते सांगा." उत्तर काहीही आलं तरी चेहऱ्यावरची रेष हलता कामा नये. आपलं मत विचारलं तर द्यायचं नाही. घर आपल्या मर्जीनं निवडायचं नाही. ठरलेल्या कोपऱ्यापासून निघायचं, उजवा हात धरायचा, ठरावीक दारं सोडायची आणि जे दार येईल ते वाजवायचं. दार उघडणाऱ्यालाच विचारायचं असंही नाही. घरातल्या मोठ्या माणसांत ज्याचा वाढदिवस सगळ्यांत आधी येणार असेल त्याचा नंबर. त्यामुळे ज्या आजोबांना सकाळपासून कोणाशी तरी बोलायचं असतं ते खुर्ची पुढे ओढून बसतात आणि आम्ही त्यांच्या सुनेला बोलवा म्हणतो. आजोबा रागावतात. त्यांचा राग मला कळतो, पण नियम चांगला आहे. चौकाचौकात ओरडणाऱ्यांची मतं सगळ्या जगाला ठाऊक असतात. गप्प बसणाऱ्यांची कळायची तर असंच चिठ्ठी टाकल्यासारखं दार वाजवावं लागतं. हे मी वर्षानुवर्षं नव्या मुलींना सांगत आले आहे आणि आजही मनापासून सांगते.

माझ्या टोळीत वंदना सगळ्यांत जुनी. माझ्याच वयाची, मूळची मराठवाड्याकडची, लग्न होऊन भाईंदरला आलेली. प्रश्न वाचावा तर तिनंच. आवाजात ना ऊब ना गारवा. चौक गावात तिच्याबरोबर गेले होते तो दिवस मला अजून आठवतो. किनाऱ्यावर बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकत लटकवले होते, ऊन त्यांच्या आरपार दिसत होतं, आणि त्या वासात एक म्हातारी कोळीण पाट टाकून बसली होती. घरात तिचाच नंबर लागला.

"शून्य म्हणजे अगदी वाईट, दहा म्हणजे अगदी चांगलं. दुसऱ्या देशातले लोक इथं येऊन राहतात ते तुम्हाला कसं वाटतं? एक आकडा सांगा," वंदनानं वाचलं.

"आकडा मटक्याचा गो," म्हातारी म्हणाली. "मानसांचा कसला आकडा?"

वंदनानं पुन्हा वाचलं. म्हातारीनं तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि एक बोंबील उलटा केला. मग पुढचा प्रश्न आला. अशा किती लोकांना येऊ द्यावं? पुष्कळ, थोडे, अगदी मोजके, की कोणालाच नाही?

"बोटीत मावतील तवरे."

"आजी, यातलं एक सांगा. पुष्कळ, थोडे, अगदी मोजके..."

"सांगितला ना. जास्ती घेतलं त बोट बुडंल, कमी घेतलं त जालं कोन वढंल? तू येशील?"

वंदनाच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. माझी हलली, पण मी मागे उभी होते. त्या उत्तराला टॅबवर जागा नव्हती. त्या दिवशी अख्ख्या गावात जिनं सगळ्यांत स्पष्ट उत्तर दिलं ती बाई आमच्या तक्त्यात 'सांगता येत नाही' या रकान्यात जाऊन बसली. परतीच्या रिक्षात आम्ही दोघी खूप हसलो.

दुसऱ्या देशातले लोक असं आम्ही कितीही सावकाश वाचलं तरी आमच्या भागात ऐकणारा आपापली यादी डोळ्यांपुढे आणतो. कोणाला वरच्या मजल्यावरचे आठवतात, कोणाला फुटपाथवरचे, कोणाला सोसायटीचे सेक्रेटरी. आपण घरात शिरलो की कडी लावून घ्यायची, ही माणसाची जुनी खोड. मी स्वतः मोरव्याची. भाईंदर पश्चिमेला खाडीकडचं जुनं गाव, आजोबा-पणजोबा तिथलेच. त्यामुळे लग्न करून पूर्वेला या बिल्डिंगीत आले तेव्हा माझ्यापुढे कोणी कुठला याचा प्रश्न कधी आलाच नाही. मजल्यावर मी एकटीच अशी होते जिला कोणी "गाव कुठलं?" विचारलं की हात करून दाखवता यायचं. मला त्याचा थोडा ताठाही होता.

आणि समोरच्या दारात होती मिनोती.

ती नवऱ्याबरोबर पश्चिम बंगालमधल्या नदिया जिल्ह्यातून आली होती. नवरा भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात नकली दागिन्यांवर खडे बसवायचा. आमची दारं समोरासमोर, मधे जेमतेम एक चटई मावेल एवढी जागा. दोन्ही लाकडी दारं सकाळी उघडायची ती रात्रीच लागायची, दिवसभर फक्त जाळीचं दार ओढलेलं. त्यामुळे तिच्या कुकरच्या शिट्ट्या मी मोजायचे आणि माझं दूध उतू जायला लागलं की ती तिकडून हाक मारायची. आम्ही हिंदीत बोलायचो. माझं हिंदी मराठीच्या वळणाचं, तिचं बंगालीच्या. तिच्या हिंदीत बायका-पुरुष सगळे एकाच पंगतीत बसायचे. ती मला दीदी म्हणायची. भांड्यांची आमची देवाणघेवाण अखंड चालू असायची, आणि भांडं रिकामं परत करायचं नाही ही रीत तिच्याकडेही होती आणि माझ्याकडेही. काहीच नसलं तर चिमूटभर साखर, नाहीतर कढीपत्त्याच्या दोन काड्या. कोणाकडे कोणाचं काय राहिलं आहे याचा हिशोबच लागू नये, यासाठीच ही रीत असावी.

संक्रांतीला तर गंमत यायची. आमचा तिळगूळ आणि तिचं पिठे एकाच दिवशी. तांदळाच्या पिठाची पातळ धिरडी, आत खोबरं आणि खजुराचा नवा गूळ, गुंडाळी करून. तिच्या गावाकडून कोणी ना कोणी थंडीत तो गूळ घेऊन यायचं. मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा म्हटलं, "हे तर आमच्या मोदकाच्या चुलत बहिणीचं लग्न झाल्यासारखं लागतंय." ते हिंदीत सांगताना माझी त्रेधा उडाली, पण ती पोट धरून हसली. मग तिळगूळ हातावर घेऊन, मी शिकवलं होतं तसं, "गोड गोड बोला" म्हणाली. गोड एकदाच म्हणायचं असतं हे मी तिला कधी सांगितलं नाही. मला तिचंच आवडायचं.

अशाच एका पौषातल्या दुपारी मी तिच्या ओट्याशी उभी राहून धिरडी गुंडाळत होते. ती विळीवर नारळ खवत होती. गुळाचा वास घेत ती म्हणाली की बाबांना हा गूळ कधीच पसंत पडला नाही. दर वर्षी खायचे आणि म्हणायचे, त्या पलीकडच्यासारखा नाही. पलीकडचा म्हणजे नदीपलीकडचा, आता दुसऱ्या देशात गेलेला. बाबा अगदी लहान असताना काकाच्या खांद्यावर बसून इकडे आले होते. त्यांना त्या रात्रीचं दुसरं काही आठवत नव्हतं, फक्त काकाचे ओले केस आणि हा वास. सांगताना ती हसत होती. मग एकदम थांबली.

"दीदी, ये बात किसी को बोलना नहीं."

"किसको बोलूँगी?" मी म्हणाले.

आणि खरंच कोणाला बोलले नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. मला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं, आणि तिला त्यात लपवण्यासारखं का वाटलं याचाही मी विचार केला नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं.

त्या सर्व्हेच्या हिवाळ्यात हवा थोडी बदलली होती. वस्त्यांमधून कागद बघायला लोक येतात, बंगाली बोलणाऱ्यांना थांबवून विचारतात, अशी कुजबुज होती. खरी किती, खोटी किती, देव जाणे. पण मिनोती गॅलरीत उभी राहून बहिणीशी फोनवर हिंदीत बोलायला लागली होती. दोन बहिणी, एकाच आईच्या, अडखळत हिंदीत एकमेकींना जेवलीस का विचारत होत्या. मी ते माझ्या गॅलरीतून ऐकलं होतं. मला वाटलं, बरं झालं, हिंदी सुधारेल. इतकी मी लोकांची मतं ओळखण्यात तरबेज.

आणि ध्यानीमनी नसताना आमचाच भाग यादीत आला. भाग वरून ठरून येतात, संगणक चिठ्ठी काढतो, त्यात आमचं काही चालत नाही. ओळखीच्या घरी आपण जायचं नाही, मुलाखतीच्या वेळी आसपासही थांबायचं नाही आणि आधी कोणाला सांगून ठेवायचं नाही, हे तिन्ही नियम मला पाठ. म्हणून आमच्या गल्लीचा रस्ता मी वंदनाला दिला आणि स्वतः नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर बसून राहिले. ती खालपासून दारं सोडत सोडत वर चढली. आमच्या मजल्यावर जे दार आलं ते मिनोतीचं. घरात नवराही होता, पण वाढदिवस आधी येणार होता तिचा.

वंदना खाली आली तेव्हा मी तिला काही विचारलं नाही, तिनंही काही सांगितलं नाही. तेही नियमातच बसतं. मुलाखती तपासणं माझं काम, पण ही एक मी दुसऱ्या सुपरवायझरकडे दिली. मला फक्त तिच्यापुढचा शेरा दिसला, अपूर्ण. नेमकी कुठे थांबली असेल ते मात्र मला न बघता कळलं. शेवटाकडे सगळ्यांना विचारायचे प्रश्न असतात. तुमचा जन्म याच देशात झाला का? वडिलांचा जन्म कोणत्या देशात झाला? आईचा? हे प्रश्न असायलाच हवेत. आलेल्यांना आणि आधीपासून असलेल्यांना वेगवेगळं वाटतं का, हे दुसरं कसं कळणार? बर्फातल्या बाईलाही हेच विचारलं असेल आणि तिनं खिडकीबाहेर बघत सांगूनही टाकलं असेल. टपरीवरचा चहा माझ्या हातात गार झाला होता.

त्या संध्याकाळी समोरचं लाकडी दार लागलेलं होतं. मला वाटलं पाहुणे असतील. दुसऱ्या दिवशीही लागलेलं. मी सकाळी निघायचे, दिवे लागल्यावर यायचे, उत्तन, डोंगरी, चौक अशा फेऱ्या चालू होत्या. संक्रांत आली की आपोआप उघडेल, असं मनात म्हणून मी ते पुढे ढकललं.

संक्रांतीला डब्यात तिळाच्या वड्या भरल्या आणि बेल वाजवली. लाकडी दार अर्धं उघडलं. जाळीचं उघडलंच नाही. तिनं कडी काढून डबा जाईल एवढीच फट केली.

"तिळगूळ घ्या," मी म्हणाले.

तिनं डबा घेतला. गोड गोड बोला म्हणाली नाही. माझ्या खांद्यावरच्या निळ्या कापडी थैलीकडे बघत होती. वंदनाकडेही तशीच असते, आम्हा सगळ्यांना ऑफिसातून मिळते.

"वो आपके ऑफिस की थी ना दीदी? पूरा माला में हमारा ही घर क्यों?"

मी समजावलं. दारं कशी सोडतात, उजवा हात कसा धरतात, वाढदिवसाचं काय असतं, सगळं. चिठ्ठी पडते तसं आहे, म्हणाले. माझंही दार आलं असतं.

"आपका आया तो नहीं."

"नहीं आया."

"और बाबा का क्यों पूछा?"

"सबसे पूछते हैं, मिनोती. हर देश में यही सवाल है."

"हर देश में सब का बाबा उधर से आया है क्या?" तिनं अगदी हळू विचारलं. मग जाळीला बोटं अडकवून म्हणाली, "आप क्या समझती हो दीदी? हम कहाँ का है?"

आजवर मी इतक्या जणींना प्रश्न विचारायला शिकवलं, पण मला कोणी विचारलेला एवढा सोपा प्रश्न दुसरा आठवत नाही. आणि माझ्या तोंडातून निघालं ते हे: "ऐसा कुछ नहीं है, ये सब कंप्यूटर से निकलता है." आपलं मत द्यायचं नाही, ही सवय किती खोल गेलेली असते. तिनं मला पद्धत विचारलीच नव्हती. ती माझं मत विचारत होती, आणि मतं हाच माझा धंदा.

ती थोडा वेळ वाट बघत होती. वंदना थांबते तशीच, उत्तर पुरं झालं की नाही याची खात्री होईपर्यंत. मग म्हणाली, "और कुछ पूछना है?"

मी नाही म्हणाले. दार लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा डबा पिशवीत घालून माझ्या जाळीच्या दाराला अडकवलेला होता. मी उघडला. स्वच्छ घासलेला, पुसून कोरडा केलेला आणि रिकामा. साखरेचा कणही नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, भांडण तरी झालं असतं. रिकाम्या डब्याशी भांडणार कसं? तिच्याकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून तिच्याकडे आता काहीच राहिलेलं नव्हतं.

त्यानंतर कुकरच्या शिट्ट्या लाकडी दारामागून यायच्या, दबलेल्या. एकदा माझं दूध उतू गेलं आणि ओट्यावरून खाली सांडलं तरी हाक आली नाही. जिन्यात भेटली तर "ठीक हो दीदी?" म्हणायची आणि उत्तराआधीच वर चढायची. मी जाऊन तिच्यापुढे बसायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण काय म्हणून बसू? मी तुझं नाव दिलं नाही, असं सांगायला गेलं तर ज्यानं दिलं तोही असंच म्हणेल. चूक केली असती तर माफी मागता आली असती. इथे मी चूक केली नव्हती, वंदनानं केली नव्हती, त्या दूरच्या प्रश्न लिहिणाऱ्यांनीही केली नव्हती. सगळ्यांनी आपापलं काम नियमानं केलं, आणि माझी मैत्रीण गेली.

होळीच्या सुमारास त्यांनी घर सोडलं. मी त्या दिवशी डोंगरीला होते. संध्याकाळी आले तर दार उघडं, आतलं सगळं रिकामं, आणि वॉचमन म्हणाला की टेम्पो दुपारीच गेला. कुठे? त्याला सांगितलं नव्हतं. कोणी नालासोपारा म्हणालं, कोणी गावी. मी तिचा नंबर लावला, तो लागला नाही. मग काही दिवस मी त्या रिकाम्या घरापुढून जाताना आत डोकावायचे. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिच्या तव्याच्या धुराचा एक पट्टा होता, पुढे रंगारी आले आणि तोही गेला. बैल गेला अन् झोपा केला, तशी मला तेव्हा रोज नवी नवी उत्तरं सुचायची. भाजी चिरताना, बसस्टॉपवर, कोणाची तरी मुलाखत ऐकताना. एकाहून एक चांगली.

सर्व्हेचा निकाल पुढे आला. आमच्या देशाचा रंगीत पट्टा इतर देशांच्या पट्ट्यांखाली होता. ऑफिसात आम्हाला तो पडद्यावर दाखवला, टाळ्या झाल्या. मी त्या पट्ट्यात चौकची म्हातारी शोधत होते. मिनोती तर त्यात नव्हतीच, अपूर्ण मुलाखती धरत नाहीत.

यंदा पुन्हा तोच सर्व्हे आला आहे. मागच्याशी तुलना करायची म्हणून प्रश्न बदलायचे नाहीत, शब्दही नाही. परवा नव्या मुलींचं ट्रेनिंग होतं. मी प्रश्न वाचायचा आणि त्यांनी माझ्यामागून म्हणायचा. वडिलांचा जन्म कोणत्या देशात झाला? सगळ्या एका सुरात म्हणाल्या. मी तोच प्रश्न पुन्हा वाचला. वंदना मागच्या बाकावर होती, तिनं वर पाहिलं. चहाच्या वेळी ती जवळ येऊन म्हणाली, "ताई, ते समोरच्या घराचं मी तुला आजवर बोलले नाही."

"बोलू नकोस. नियम आहे."

"उत्तर नाही सांगत गं. त्या बाईंनी मला विचारलं होतं, समोरच्या दीदीला माहीत आहे का तुम्ही आलात ते. मी म्हटलं, हो, त्यांनीच पाठवलंय. रस्ता तूच दिला होतास ना, म्हणून." तिनं कप खाली ठेवला. "खोटं कसं बोलणार?"

मी म्हटलं, "बरोबर केलंस." आणि खरंच बरोबर केलं होतं तिनं.

आता समोर नवं कुटुंब आलं आहे. त्यातली सून हेतल, भावनगरकडची. आज संक्रांत, तिचं उत्तरायण. तीळ भाजून झाले, वड्या थापल्या, आणि तेवढ्यात बेल वाजली. हेतल उंधियूची वाटी घेऊन उभी. दुसऱ्या हातात एक विळी, लोखंडी, उंच पात्याची, धार जुनी झालेली.

"भाभी, ये पोटमाळे पे मिला. आपका तो नहीं?"

माझं नाही, म्हणाले. पण ती मी ओळखली. तिच्यावर खवलेलं खोबरं मी खाल्लं होतं.

"हमसे पहले जो थे ना, उनका होगा," हेतल म्हणाली. "कहाँ के थे वो लोग?"

तिच्या विचारण्यात काहीही नव्हतं. आमच्याकडे हवापाण्याइतकंच सहज विचारतात. तिच्या खांद्यामागे ते दार सताड उघडं होतं, आतून कढईचा आवाज येत होता.

"यहीं के थे," मी म्हणाले. "भाईंदर के."

"अच्छा," हेतल म्हणाली आणि विळी माझ्याच दाराशी टेकवून आत वळली. मी तिची वाटी रिकामी केली, धुतली, तिळाच्या वड्यांनी भरली आणि परत द्यायला गेले. प्रश्न मला याच दारात विचारला होता, याच सणाला; उत्तर मी आज दिलं. ज्या बाईनं विचारलं होतं तिला ते कधीच ऐकू जाणार नव्हतं.